कॉलेजचा खो-खोपटू शाळेचा प्रशिक्षक होतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरमहाविद्यालयीन किंवा विद्यापीठ संघाकडून खो-खो खेळून झालेली आणि आता शाळेचा संघ हाती घेणारी मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळांना धरून आहेत. नियम आणि गट अधूनमधून बदलतात, त्यामुळे स्पर्धेच्या बाबतीत त्या वर्षीचं परिपत्रकच शेवटचं मानावं.

१. माझ्याकडे विद्यापीठ संघाचं प्रमाणपत्र आहे. तेवढ्यावर शाळेत लागता येतं का?

मानधनावरचा प्रशिक्षक म्हणून येतं. तिथे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक ठरवतात, आणि खेळाडू म्हणून तुमचं नाव उपयोगी पडतं. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागायचं तर बीपीएड लागतं. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा, चार सत्रांचा आहे. प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही होते. पदवीला ५० टक्के आणि आंतरमहाविद्यालयीन, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेतला सहभाग ही पात्रतेची नेहमीची वाट. आंतरविद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेल्यांना ४५ टक्क्यांवरही अर्ज करता येतो. अनुदानित शाळांमधली शिक्षकभरती सध्या पवित्र पोर्टलवरून होते, त्यामुळे 'ओळखीने लावून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कॉलेज सोडण्याआधी एक काम उरकून घ्या. सगळी सहभाग प्रमाणपत्रं जिमखान्यातून ताब्यात घ्या आणि त्यांवरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का ते तपासा. चार वर्षांनी दुरुस्ती करायला गेलं की तेव्हाचे क्रीडा संचालक निवृत्त झालेले असतात आणि जुनी नोंदवही कुठे आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

२. बीपीएड करू की एनआयएस?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. बीपीएडने तुम्ही शिक्षक होता: तासिका, वेळापत्रक, मूल्यमापन, सगळ्या खेळांची ओळख. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) पदविका अभ्यासक्रम एकाच खेळातल्या प्रशिक्षणाचा आणि वर्षभराचा आहे. शासनाच्या क्रीडा मार्गदर्शकासारख्या पदांना त्याला वजन असतं. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग म्हणजे ही पदविका नव्हे; जाहिरातीत 'पदविका' लिहिलं असेल तर सहा आठवड्यांचा कागद चालत नाही. या एका गैरसमजापायी बरेच अर्ज बाद होतात. शाळेतच राहायचं ठरलं असेल तर आधी बीपीएड करा. शिवाय राज्य खो-खो संघटनेची पंच परीक्षा द्या. तिचा खर्च फारसा नाही, पण खेळताना कधीच न वाचलेली नियमावली त्या निमित्ताने वाचून होते.

३. मी राज्य संघात कधीच नव्हतो. मुलं माझं ऐकतील का?

ऐकतील. शाळेच्या मुलांना तुमचं प्रमाणपत्र दिसत नाही, तुम्ही वेळेवर येता का ते दिसतं. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. त्यांच्या शारदाश्रमच्या मुलांनी, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी, १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी रचली, आणि १९९० मध्ये आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उलट मोठे खेळाडू शाळेत अनेकदा अडखळतात. त्यांना जे आपसूक जमत होतं ते त्यांनी कधी तोडून पाहिलेलं नसतं, मग बारा वर्षांच्या मुलाला ते पायरीपायरीने सांगणार कसं?

४. शाळेच्या पटांगणावर मैदान आखायचं आहे. नेमकी मापं आणि पद्धत सांगा.

मोठ्या गटाचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. लांबीच्या दिशेने मधोमध ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी, तिच्या दोन्ही टोकांना खांब. खांबापासून खांबापर्यंत २४ मीटर आणि प्रत्येक खांबामागे दीड मीटर मोकळा भाग. मध्यपाटीला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, प्रत्येकी ३५ सेंटिमीटरच्या. दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर, खांब आणि जवळच्या पाटीमध्ये २.५५ मीटर. आखण्याआधी कागदावर बेरीज करा: आठ पाट्यांचे २.८०, सात अंतरांचे १६.१०, दोन टोकांचे ५.१०, एकूण २४. लहान गटांसाठी मैदान लहान ठेवतात. ते माप परिपत्रकातून घ्या.

आधी चारही कोपऱ्यांवर खिळे ठोकून सुतळी ताणा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ३१.३८ मीटर आले तरच कोपरे काटकोनात आहेत. ही पायरी गाळली की मैदान तिरकं होतं, आणि एका बाजूच्या पळतीला जास्त जागा मिळते. कापडी टेप ओढला की लांबतो, म्हणून स्टीलचा टेप वापरा.

खांब जमिनीच्या वर १२० ते १२५ सेंटिमीटर, व्यास ९ ते १० सेंटिमीटर, वरचं टोक घासून गुळगुळीत केलेलं. निदान दीड फूट खोल गाडा आणि भोवती खडी ठासून भरा. मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी हिसडा दिला तरी तो हलायला नको. हलणाऱ्या खांबावर मुलं भरवसा ठेवून वळत नाहीत, लांबून वळतात, आणि तीच सवय स्पर्धेत गडी सोडते. रेषांसाठी फक्की वापरा. कळीचा चुना अजिबात नको, सूर मारताना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

५. निवड कशी करू? सगळ्यांनाच यायचं असतं.

पहिल्या महिन्यात कोणालाही काढू नका. मैदानावर ९ लागतात, संघ साधारण १२ जणांचा. सुरुवातीला २५ ते ३० मुलं असली तरच सरावात दोन बाजू होतात आणि परीक्षा-आजारपणात संघ मोडत नाही. धावण्याच्या शर्यतीवर संघ निवडणं ही कॉलेजमधून आलेल्यांची ठरलेली चूक. शंभर मीटरचा पहिला नंबर अनेकदा खांबापाशी अडकतो. त्यापेक्षा १० मीटरच्या चार फेऱ्यांची शटल धाव घ्या आणि वळताना मुलाचं ढुंगण खाली जातं का, की तो उभ्याउभ्याच फिरतो, एवढं पाहा. दुसरी चाचणी शिवाशिवीची: छोट्या चौकोनात एकाने पळायचं, एकाने पकडायचं. हूल देणारं पोर तिथे पाच मिनिटांत ओळखू येतं.

६. पहिल्या महिन्यात शिकवायचं काय?

बसणं, उठणं आणि खो देणं. कंटाळवाणं वाटतं, पण शालेय सामने इथेच जातात. फाऊल झाला की त्या ओघात बाद झालेला गडी बाद धरत नाहीत आणि पाठलाग करणाऱ्याला आधी चूक सुधारावी लागते. तोवर संरक्षक दुसऱ्या टोकाला पोचतो. लहान गटाच्या ७ मिनिटांच्या पाळीतली बरीच सेकंदं अशीच वाया जातात.

चार चुका रोज दिसतील. बसलेला मुलगा खो मिळण्याआधीच उठतो. खो देणारा तोंडाने आधी ओरडतो आणि हात नंतर लावतो. घाईत पाय मध्यपाटीवर पडतो. आणि दिशा घेतल्यावर मुलगा मागे वळतो, तेही खांबापलीकडच्या मोकळ्या भागात न जाता. पहिल्या दोन चुकांचं मूळ एकच असतं: बसलेल्याची नजर संरक्षकाकडे असते आणि तो खो चा अंदाज बांधतो. उपाय असा. संरक्षक न ठेवता आठ जणांना बसवा, नवव्याला फक्त एकाआड एक खो देत एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जाऊ द्या, आणि उरलेल्या मुलांना पंच करा. तीन मिनिटांचा डाव, फाऊल मोजून फळ्यावर लिहायचे. पंच झालेल्या मुलांचे स्वतःचे फाऊल सगळ्यात लवकर कमी होतात.

बैठकीकडेही लक्ष द्या. शेजारशेजारचे दोघे उलट तोंडांनी बसतात. बसताना वजन चवड्यांवर हवं. टाचा टेकल्या की उठायला अर्धी उडी जास्त लागते. दोन्ही चवडे समांतर ठेवून बसणं लहानांना सोपं जातं. एक पाय मागे रोवून बसायला शिकवायचं ते पुढच्या टप्प्यावर, मांड्यांत ताकद आल्यावर.

७. सूर मारायला कधी शिकवू?

मुलं पहिल्याच दिवशी मागतात. खो देण्यातले फाऊल आटोक्यात येईपर्यंत थांबा. नंतर भुसभुशीत, खडे वेचलेल्या, किंचित ओलसर मातीवर आधी गुडघ्यावर बसून पुढे झेपावणं, मग उकिडवं बसून, मग दोन पावलं घेऊन. छाती आणि पोट जमिनीवर सरकायला हवं. तळहात आधी टेकला की मनगट जातं, गुडघा आधी टेकला की वाटीला मार बसतो. एका सत्रात एका मुलाला दहा-बारा सूर पुष्कळ. खांबाचा सूर त्यानंतर. आधी खांब पकडून झुकणं, हात न सुटता परत येणं हे जमू द्या. आकाशी सूर (हवेत झेप घेऊन मारलेला सूर) १४ वर्षांखालच्या गटात शिकवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

८. संरक्षणाचा सराव मोजायचा कसा?

घड्याळ आणि वही. संरक्षक तिघांच्या तुकडीने उतरतात. तुमची प्रत्येक तुकडी ३ मिनिटं टिकली तर मोठ्या गटाच्या ९ मिनिटांच्या पाळीत समोरच्याला ९ गुण मिळतात. दोन मिनिटं टिकली तर तेरा-चौदा. म्हणजे तुकडीमागे एक मिनिट वाढवलं की सामना फिरतो. यासाठी एकाने एकट्याने चार मिनिटं पळण्याची गरज नाही.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वेळ लिहा आणि कसा बाद झाला तेही: सुरात, खांबावर, हूल फसून, मैदानाबाहेर जाऊन. महिन्याभराने चित्र स्पष्ट होतं. खांबावर वारंवार बाद होणाऱ्याला साखळी पद्धतीत (बसलेल्यांमधून नागमोडी) पळवा, गोल पळती (गोल फिरत पळणं) त्याच्याकडून काढून घ्या. तुकड्या करताना तीन उत्तम पळणारे एकत्र ठेवू नका. पहिल्या तुकडीत एक भरवशाचा, दुसरीत एक, आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी एक राखून.

९. मी स्वतः मुलांबरोबर पळू का?

दाखवण्यापुरतं. तुमच्या वेगाशी जुळवून घेताना मुलं तुमची हूल ओळखायला शिकतात, समवयस्कांची नाही. आणि सत्रभर तुम्ही पळत असाल तर फाऊल मोजायला (प्रश्न ६) कोणी उरत नाही.

१०. शालेय स्पर्धांचे टप्पे आणि वयोगट नीट समजावून सांगाल का?

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढतात, आणि पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धा. महापालिका क्षेत्रात महापालिका पातळी असते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं व मुली वेगळे. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात. उदाहरणार्थ २०२५-२६ साठी १४ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१२ रोजी किंवा नंतर जन्मलेला मुलगा बसला. ३१ डिसेंबर २०११ चा जन्म असेल तर एका दिवसाने तो १७ च्या गटात जातो. इयत्ता कोणतीही असो, विनंती करून उपयोग नाही. जूनमध्येच जन्मतारखांची यादी काढा, म्हणजे ऑगस्टमध्ये कर्णधारच बाद असल्याचा शोध लागत नाही.

११. संघ चांगला होता, पण कागदपत्रांवरून बाद झाला. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा जन्मतारीख. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली आणि आधारवरची तारीख वेगळी निघते. कोणती बरोबर हा वाद स्पर्धेच्या टेबलावर सुटत नाही. जन्म दाखला घेऊन आधीच दुरुस्त करून घ्यावा लागतो आणि त्याला आठवडे जातात. दुसरं, ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही असते पण शिक्का फोटोवर आलेला नसतो. तिसरं, ऑनलाइन प्रवेशिका भरलेली असते पण शुल्क किंवा अंतिम सादरीकरण राहून जातं. प्रत्येक खेळाडूची एक प्लास्टिकची पिशवी करा: ओळखपत्र, आधारची प्रत, जन्म दाखल्याची प्रत, दोन जादा फोटो. मूळ कागद मुलांकडे देऊ नका, बसमध्ये राहतात.

वय लपवण्याचा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. पकडलं गेलं तर पूर्ण संघ बाद होतो, आणि त्या मुलाचं प्रमाणपत्र पुढे नोकरीसाठी पडताळणीला गेल्यावर पुन्हा उघडं पडतं.

१२. शालेय स्पर्धा आणि असोसिएशनच्या स्पर्धा एकच का?

नाही. शालेय स्पर्धेत शाळा खेळते. जिल्हा आणि राज्य खो-खो संघटनेच्या स्पर्धांत क्लब आणि जिल्हा खेळतात. तिथे किशोर-किशोरी गट १४ वर्षांखाली आणि कुमार-कुमारी गट १८ वर्षांखाली असतो. म्हणजे सतरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा शाळेत १९ च्या गटात आणि संघटनेकडे कुमार गटात खेळू शकतो. राष्ट्रीय पातळीवरचे भरत आणि इला (किशोर), वीर अभिमन्यू आणि जानकी (कुमार) हे पुरस्कार संघटनेच्या स्पर्धांतले आहेत. चांगल्या मुलाला दोन्हीकडे खेळवा, पण तारखा आदळतात तेव्हा निर्णय पालकांसमोर घ्या.

१३. आमच्याकडे माती आहे आणि वरच्या स्पर्धा मॅटवर होतात. काय करू?

मॅटवर बूट लागतात आणि पकड जास्त मिळते. मातीत अनवाणी घसरत वळणारा मुलगा मॅटवर तसाच वळला की पाय रुततो आणि गुडघा किंवा घोटा पिळतो. सुरातही अंग सरकत नाही, कोपर-गुडघे सोलतात. स्पर्धेआधी तीन-चार सत्रं तरी मॅट असलेल्या संस्थेत मागून घ्या. तेही जमत नसेल तर निदान बूट घालून सराव सुरू करा आणि सामन्याच्या सकाळी मुलांना मॅटवर नुसतं वळायला लावा. नवे बूट सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत हे वेगळं सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी घालतंच.

१४. पाणी, ऊन, दुखापत: जवळ काय ठेवू?

ओआरएसची पाकिटं (एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकणं चूक), बर्फ, क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, साबण. घोटा मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, पाय उंच, आणि त्या दिवशी खेळ बंद. चोळून घेण्याची खेड्यापाड्यांतली पद्धत पहिल्या दिवशी सूज वाढवते. दोघांची डोकी आपटली आणि मुलगा गोंधळला, ओकला किंवा डोकं दुखतंय म्हणाला तर तो परत मैदानात नाही, डॉक्टरकडे. नडगीच्या आतल्या बाजूने दुखणं सुरू झालं की समजा सरावाचा भार एकदम वाढला. आठवडाभर पळणं निम्मं करा.

१५. शिस्तीसाठी फेऱ्या, उठाबशा लावल्या तर चालतं का?

नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि मैदान शाळेतच मोडतं. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या धावण्यावर खेळ उभा आहे तेच शिक्षा म्हणून लावणं वेडेपणाचं आहे. उशिरा येणाऱ्याला पहिल्या डावात पंच करा, तेवढं पुरतं.

१६. मुलींचा संघ पुरुष प्रशिक्षकाने घ्यायचा तर काय काळजी घ्यावी?

सरावाला आणि प्रवासाला एक शिक्षिका हवीच. मुख्याध्यापकांकडून तसं लेखी घ्या. बैठक किंवा वळण हात लावून दुरुस्त करू नका, मोठ्या मुलीकडून करून दाखवा. एकेकट्या खेळाडूला खासगी संदेश नकोत. पालकांसह गट ठेवा. लैंगिक छळाचा प्रकार कानावर आला तर पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, 'शाळेचं नाव जाईल' हे कारण चालत नाही. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं. सतत दम लागणारी, फिकट दिसणारी मुलगी आळशी नसते. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

१७. बरोबरी झाली तर पुढे काय? मुलांना काय सांगून ठेवू?

अलाहिदा डाव. तिथेही बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण: दोन्ही संघ पहिला गडी टिपेपर्यंत पाठलाग करतात आणि कमी वेळ घेणारा जिंकतो. त्यासाठी वेगळा सराव हवा, कारण इथे साखळी मोडून थांबायला वेळ नसतो. दोन जलद सूर मारणारे खांबांपासच्या पाट्यांवर बसवा आणि तुमचा उत्तम संरक्षक पहिल्याच तुकडीत ठेवा. पंचांच्या निर्णयावर हरकत असेल तर कर्णधारामार्फत. लेखी हरकत शुल्कासह ठरलेल्या वेळेत. मैदानात तुम्ही धावत गेलात तर हरकतीचा मुद्दा बाजूला पडतो.

१८. दहावीचं वर्ष म्हणून पालक मुलाला थांबवतात.

भांडू नका, वेळापत्रक द्या: सकाळी ७५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहामाहीआधी आठवडाभर सुट्टी. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, पण ठरलेल्या पातळीपर्यंत पोचलेल्यांनाच. प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे जातो. मुदत चुकली तर गुण गेले. ते आमिष म्हणून आधीच कबूल करू नका.

१९. मी शाळा बदलतोय. माझे चार-पाच खेळाडू माझ्याबरोबर नव्या शाळेत यायचं म्हणतात. चालेल का?

प्रवेश घेणं हा पालकांचा हक्क आहे, पण वर्षाच्या मध्यात दाखला काढला तर त्या हंगामात खेळता येईल का ते परिपत्रकातली प्रवेशाची मुदत पाहून आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाला लेखी विचारून ठरवा. तोंडी 'चालतंय' म्हणणारे हरकतीच्या वेळी दिसत नाहीत. आधीच्या फेरीत एका शाळेकडून खेळलेला मुलगा पुढच्या फेरीत दुसऱ्या शाळेकडून उतरवू नका. दहावीत असलेल्याला तर हलवूच नका. परीक्षेचा अर्ज जुन्या शाळेतून भरलेला असतो. जुन्या शाळेतला संघ पुढे कोण सांभाळणार हे ठरवून द्या, आणि प्रश्न ८ मधली वही त्याच्या हाती सोपवा.